कुलपातली झोप

माझ्या नोकरीतली कितीतरी वर्षं मी बाहेरून कुलूप लावलेल्या घरात झोपले. हे कुणाला सांगितलं की आधी नवऱ्यावर संशय जातो, मग सासूवर. दोघंही तेव्हा माझ्या आयुष्यात यायची होती. कुलूप लावायची ती दवाखान्यातली मावशी, आणि तिनं ते लावावं म्हणून मीच बाजारातून पितळेचं नवं कुलूप आणून तिच्या हातात ठेवलं होतं. आता मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी दुपारी जरा डोळा लागावा असं वाटलं, की सुनेला म्हणते, बाई, जाताना बाहेरून कडी लाव. ती म्हणते, आई, तुमचं काहीतरीच. लावते मात्र.

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात तो सरकारी दवाखाना होता. तीस खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक ड्रेसर आणि कागदावर तीन सिस्टर. सत्तरचं दशक संपत आलं होतं, त्या पावसाळ्यात एक जागा रिकामी होती, दुसरी सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होती आणि तिसरी मी. रात्री आठ ते सकाळी आठ माझी ड्यूटी. दिवसा डॉक्टर, कंपाउंडर आणि ड्रेसर मिळून गाडा ओढायचे. पण अडलेली बाळंतीण आली, साप चावलेला आला, नाकाडोंगरीकडून खाणीतला माणूस पाय चेंगरून आला, की मागच्या क्वार्टरमधून मला बोलावणं यायचं. म्हणजे रात्र माझी आणि दिवसही माझाच. दोन महिने सांभाळून घ्या, असं वरून सांगितलं होतं. पाच महिने झाले तरी वरचे लोक सांभाळूनच घेत होते.

नोकरी सोडायची सोय नव्हती. मी दिघोरीची. आमच्या वस्तीतली सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी. ऑर्डर आली तेव्हा विहारात माझा सत्कार झाला होता, आणि ज्यांच्या शेतात माझ्या आईनं जन्मभर धानाचं रोवणं केलं त्यांनीसुद्धा येऊन नारळ दिला होता. तो नारळ कधीच फुटून, वाटून, संपून गेला. त्याचं ओझं माझ्या डोक्यावर तसंच राहिलं. थकले म्हणून परत आले, हे त्या वस्तीत कुणाला सांगणार? तिथे सगळेच थकलेले होते.

लोकांना रात्रपाळी कळते. रात्रपाळीवाल्याचा दिवस कळत नाही. सकाळी साडेआठला मी क्वार्टरमध्ये येऊन पडले, की नऊला भिंतीपलीकडची धानगिरणी सुरू व्हायची. छपराच्या कवेलूंमधून कोंडा झिरपायचा, पलंग थरथरायचा. त्याची सवय झाली. पण माणसांची सवय होत नाही. दूधवाला, मग "बाई, जरा पोराचा कान पाहता का" म्हणणारी शेजारीण, मग घरीच इंजेक्शन टोचून घ्यायला आलेले पाटील, कारण दवाखान्याच्या ओळीत उभं राहणं त्यांच्या शानेत बसत नव्हतं. दार उघडलं नाही तर लोक खिडकीशी येत. खिडकीला गिरणीतला बारदाना टांगला, तर बारदाना वर करून बघत. "बाई झोपली हाये वाटते," असं मोठ्यानं म्हणत आणि मग मला उठवत. झोपेचं खोबरं म्हणतात ते रोज सकाळी माझ्या घरी किसलं जायचं.

त्या महिन्यांत मी काय काय केलं! चहात मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला. चार नंबरच्या खाटेचा ताप सात नंबरच्या कागदावर लिहिला. एकदा आरशात बघून स्वतःलाच "बसा, तुमचा नंबर येईल" म्हणाले. हे सांगताना आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मला सतत कुणीतरी पोत्यात घालून तोंड शिवल्यासारखं वाटायचं. रात्री जागायची भीती नव्हती. भीती दिवसाची वाटायची, कारण दिवस उगवला की मला झोपावं लागणार आणि कुणी झोपू देणार नाही, हे ठाऊक असायचं.

आता कॉलबुकाबद्दल सांगायला हवं. लाल कापडी बांधणीचं ते रजिस्टर असायचं. दिवसा मला बोलवायचं झालं की ड्रेसर त्यात लिहायचा, अमुक केस आली आहे, ताबडतोब यावे. मावशी ते घेऊन माझ्या दाराशी यायची, मी वेळ टाकून सही करायची आणि मावशीनं पुस्तक घेऊन पळत परत जायचं. उद्या काही झालं तर बोलावणं पोचलं याचा तो पुरावा. सरकारी खात्यात माणूस वेळेवर पोचण्यापेक्षा सही वेळेवर पोचणं महत्त्वाचं.

मावशी म्हणजे दवाखान्यातली बाई कामगार. पंचेचाळिशीची, काटक, एका मुलीला घेऊन एकटी राहणारी. तिला घड्याळ यायचं, अक्षर यायचं नाही. सहा वर्षं रोजंदारीवर होती. खंड न पडता काम केलेल्यांची यादी कधीतरी निघेल आणि आपण कायम होऊ, या एका आशेवर तिनं त्या सहा वर्षांत एक दिवसही घरी काढला नव्हता. तापात यायची, मुलीच्या गोवरातही आली. मला म्हणायची, "बाई, येक डाव कायम झाली का मंग आठ दिवस निस्ती झोपीन." झोपेचं स्वप्न आम्हा दोघींचं सारखंच होतं.

आषाढ संपत आला होता. आंधळगावकडून एका पहिलटकरणीला बैलबंडीत घालून आणलं. डॉक्टर जिल्ह्याच्या मीटिंगला गेलेले. त्या दिवसाचं मला आठवतं ते असं: कुणीतरी दोन्ही हातांनी माझं दार बडवतंय, मी उघडते, समोर मावशी, तिच्या लुगड्याला रक्त. "बाई, काहून नाही आल्या वो? चाला, चाला!" मी अनवाणीच धावले. मूल बाहेर आलेलं होतं, मावशीनंच घेतलं होतं, रडत होतं. पण वार पडली नव्हती आणि खाटेखाली रक्ताचं थारोळं झालं होतं. इंजेक्शन, सलाइन, पोटावर हात दाबून धरणं, जे येत होतं ते सगळं केलं. जीप मागवली, भंडाऱ्याला पाठवली. बाई जगली. मुलगीही जगली. पण तिकडे पिशवी काढावी लागली, तेव्हा कुठे रक्त थांबलं. वीस वर्षांची पोर होती ती.

दुसऱ्या दिवशी तिचा थोरला दीर गावातली दोन वजनदार माणसं घेऊन आला. उशीर कुणी केला, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि त्याचं काही चूक नव्हतं. डॉक्टरांनी कॉलबुक उघडलं. त्या केससमोर दोन नोंदी होत्या. दुसरी बाराची, तिच्यावर सही करायला वेळच मिळाला नव्हता. पहिली अकरा वीसची. तिच्यावर सही होती.

"सिस्टर, ही सही तुमची?"

मी नावाखाली एक रेघ मारते आणि शेवटी तिला वर हुकासारखा आकडा काढते. शाळेपासूनची सवय. रेघ होती. आकडा होता. वेळ मराठी अंकांत लिहिलेली होती, मी लिहिते तशी. मी डोक्यात शोध शोध शोधलं. अकरा वीस वाजता माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, गिरणीचा आवाजसुद्धा नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे पहिल्यांदा कुणी आलंच नाही."

मावशी दाराशी उभी होती. "बाई, असं कसं म्हंता? तुमी दार उघडलं. मले म्हनल्या, पानी तापवायले ठेवा, मी आलीच."

"मी असं काही म्हटलेलं नाही."

"बाई, डोये उघडे होते तुमचे!"

"मग सही कुणाकडून तरी करून घेतली असेल तुम्ही," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. मी खोटं बोलत होते का? मला खरंच आठवत नव्हतं. पण ती रेघ मला दिसली होती आणि ती माझी आहे हे हाताला कळलं होतं. डोक्यानं नाही म्हटलं, हातानं हो म्हटलं, आणि मी डोक्याची बाजू घेतली, कारण माझी नोकरी डोक्याच्या बाजूला होती.

डॉक्टरांपुढे प्रश्न सोपा होता. सिस्टरला काढलं तर रात्री दवाखाना बंद. रोजंदारीवालीला काढायला एक वाक्य पुरतं. "मावशी, उद्यापासून येऊ नका." दिराचं समाधान झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीला टाळ्या. मावशीनं कोपऱ्यातला आपला डबा उचलला. माझ्यासमोरून जाताना ती थांबेल, काहीतरी बोलेल, असं वाटलं. ती थांबली नाही.

त्यानंतर कॉलबुक दवाखान्याचा चौकीदार आणू लागला. मी स्वतःला समजावत होते की मावशीनं घाबरून काहीतरी केलं असेल. माणूस थकला की खोटंसुद्धा नीट बोलत नाही, अर्धवट बोलतो आणि अर्ध्यावर विश्वास ठेवतो.

पंधरा-सोळा दिवसांनी आई आली. रोवण्याच्या चिखलात उभं राहून राहून पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, तशा तिला झाल्या होत्या आणि या वेळी चिघळल्या होत्या. पाय सुजलेला. दिघोरीहून एसटीनं आली, सोबत तांदूळ आणि लाखोळीची डाळ. मी पाय धुऊन, औषध लावून, पट्टी बांधून दिली आणि म्हटलं, आठ दिवस चिखलात पाय घालायचा नाही. मग ती माझ्या दारातच बसून राहायला लागली. येणाऱ्याला हाकलायची. "माही पोरगी रातभर जागते, तुमाले दिसत नाही का?" पाटलांनासुद्धा तिनं ओळीत उभं राहायला पाठवलं. मी चार-चार तास झोपू लागले.

चौथ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसले, तर आई ताटात भात वाढता वाढता हसायला लागली.

"काय झालं?"

"तुले ठाऊक नाही? सकाळी तो चौकीदार आला ना बुक घेऊन. मी तुले उठवायलेच लागली होती, त तूच उठून बसली. त्याले म्हनली, चाला तुमी, मी आलीच. घड्याळाकडं पायलं, बुकात लिहिलं, पेन त्याले देल्ला. अन् मंग पुन्हा आडवी! मी म्हनलं, काय वो ही पोट्टी! हालवली तवा तू मले इचारते, कोन आलं?"

आई हसत होती. लहानपणी मी झोपेत उठून मडक्यातलं पाणी प्यायचे आणि सकाळी कबूल करायचे नाही, तीही गोष्ट तिनं काढली. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी उठले, तशीच उष्ट्या हातानं दवाखान्यात गेले, कॉलबुक उघडलं. सकाळची नोंद. दहा चाळीस. सही. खाली रेघ, शेवटी आकडा. सकाळची केस मी पाहिली होती, एका शाळकरी मुलाच्या कपाळाला टाके घातले होते. पण ही सही मी केली नव्हती. म्हणजे केली होती. मी पान मागे उलटलं. आंधळगावची केस, अकरा वीस. दोन सह्या शेजारी ठेवल्या असत्या तर एका ठशातल्या निघाल्या असत्या. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर पडले.

मावशी कुठे राहते ते मला ठाऊक होतं, पण ती घरी नव्हती. मुलीनं सांगितलं, आई रोवण्याला गेली. गावाबाहेरच्या धानाच्या बांधीत दहा-बारा बाया वाकून रोवत होत्या, मावशी कडेला. मी चपला हातात घेऊन बांधावर उभी राहिले. तिनं मान वर करून पाहिलं आणि हातातली रोपांची पेंडी संपेपर्यंत रोवत राहिली. मग आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"मावशी," मी म्हटलं, "सही मीच केली होती. मला आज कळलं. मी झोपेत सही करते."

"मले तवाच ठाऊक होतं."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलली ना. दोनदा बोलली. तुमी आयकलं नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला माफ करा," मी म्हणाले. मी रडत होते. बाकीच्या बाया कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या.

"माफी घेऊन काय करू, बाई? कागद द्या. लिहून द्या का चूक मावशीची नोयती. माह्या हातात द्या."

मी लिहिलं. त्याच संध्याकाळी, ड्यूटीवर जायच्या आधी, एका पानावर सगळं लिहिलं: सही माझी आहे, मी झोपेत होते, मावशी वेळेवर आली होती, उशीर माझ्यामुळे झाला. पण तिच्या हातात दिलं नाही. आधी वरिष्ठांना द्यावं, अशी माझी शिस्त. मी ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. तेही चार वर्षं एकटेच होते, रात्री-अपरात्री उठणारे. म्हणाले, "सिस्टर, मी परवा पोस्टमॉर्टेमच्या कागदावर मयताच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं. कंपाउंडरनं दाखवलं म्हणून कळलं." हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. मग ते म्हणाले, "हा कागद फाइलला लावला तर तुम्हाला सस्पेंड करावं लागेल. केलं, तर आज रात्री वॉर्डात कोण?"

मला शिक्षा होणंसुद्धा दवाखान्याला परवडत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली, टेबलाचा खण उघडला, आत टाकला. "मावशीला एक तारखेपासून परत घेऊ. नवी ऑर्डर काढतो. तिचं काम झालं, तुमचंही झालं." मी हो म्हणाले. खण बंद झाल्याचा आवाज झाला तेव्हा मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मावशी परत आली. मधे एकवीस दिवस गेले होते. तिनं विचारलं, "कागद?" मी म्हटलं, साहेबांकडे आहे. तिनं मान हलवली.

पहिल्याच दिवशी तिनं दोन नियम केले. मला विचारलं नाही, सांगितलं. एक, सही आता घरी होणार नाही, दवाखान्यातल्या टेबलावरच होणार. पुस्तक ती दाराशी आणायची, पण सहीसाठी उघडायचीच नाही. दुसरा, ती केस सांगणार, मी तोंडावर पाणी मारायचं आणि तिनं सांगितलेलं सगळं तिला परत म्हणून दाखवायचं. "कोन आलं?" "बाई." "कोनच्या गावची?" "मोहाडीकडची." "काय झालं तिले?" हे चुकलं की दुसरा तांब्या. आता ऐकते की मोठ्या दवाखान्यांत असे नियम करतात आणि त्यावर भाषणं होतात. आमचा नियम अक्षर न येणाऱ्या बाईनं केला होता, कारण अक्षरानं तिचा घात केला होता.

आई गावी परत गेल्यावर दारात बसायला कुणी राहिलं नाही. तेव्हा कुलपाचा विचार निघाला. मावशी म्हणाली, "कुलूप दिसलं का लोक परत जातेत. मी सकाळी लावते, दोन वाजता काढते. केस आली त मीच येईन." मी कुलूप आणलं. किल्ली तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

पहिल्या दिवशी कुलूप खटकन लागलं आणि माझा जीव घाबराघुबरा झाला. आग लागली तर? कवेलूंमधून साप पडला तर? मोरीत बादली ठेवलेली, माठ भरलेला, पण दार माझं नव्हतं. मी उठून दाराला हात लावून पाहिला. हललं, उघडलं नाही. बाहेर पावलं वाजली, कुणीतरी म्हणालं, "कुलूप हाये, गेली बाई," आणि पावलं परत गेली. मला वाटलं मी खरंच गेले. मग झोप आली ती अशी, की मावशीनं दुपारी दार उघडलं तेव्हा मला वार सांगता येईना.

महिन्याभरात माझा हात थांबला. मी झोपेत सह्या करणं बंद केलं, चहात साखर पडू लागली. पुढे दुसरी सिस्टर रजेवरून आली, मग तिसरी जागाही भरली, आणि मला पाळीपाळीनं महिन्यातून दहा-बारा रात्री राहिल्या. पण त्या रात्रींनंतरचं कुलूप सुटलं नाही. कुलपाशिवाय मला झोपच येईना.

एकदा कुलपातच असताना पायरीवर कुणीतरी येऊन बसलं. बाई, पुरुष आणि एक बोबडं बोलणारं पोर. आवाज ऐकला आणि ओळखलं, आंधळगावचे. बाई म्हणाली, "बाईले पोट्टी दाखवायची होती." नवरा म्हणाला, "कुलूप हाये ना. चाल." ती म्हणाली, "जरा बसू." पोर पायरीवर टाचा आपटत होतं. मी दाराच्या अलीकडे, चार हातांवर. आवाज देता आला असता. फटीतून बोट बाहेर काढता आलं असतं. मी श्वास रोखून बसले. ते गेले. त्या दिवशी कुलूप नसतं तरी मी दार उघडलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं.

अशी काही वर्षं गेली. ऐंशीचं दशक मध्यावर आलं आणि एकदाची यादी निघाली. ठरावीक तारखेच्या आधीपासून सलग कामावर असलेले रोजंदारीवाले कायम. दवाखान्याच्या लेखनिकानं व्हरांड्यात उभं राहून नावं वाचली. मावशीच्या मागून लागलेल्या झाडूवाल्याचं नाव आलं, पाणीवालीचं आलं. मावशीचं आलं नाही. तिनं विचारलं, तर लेखनिकानं रजिस्टर पाहून सांगितलं, "तुमची आधीची वर्षं धरता येत नाहीत. मधे एकवीस दिवसांचा खंड आहे. तुमची नोकरी नव्या ऑर्डरपासून, आणि ती तारखेच्या नंतरची." मग हळू आवाजात म्हणाला, "पुढची यादी येईपर्यंत तुमचं वय उलटेल, मावशी."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र खणातला तो कागद शोधायला धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते डॉक्टर कधीच बदलून गेले होते. टेबलही नवं आलं होतं. जुनं कुठे गेलं कुणाला ठाऊक नव्हतं. मी व्हरांड्यात परत आले आणि म्हटलं, "मावशी, मी पुन्हा लिहून देते. आत्ता. तुमच्या हातात देते."

"आता कायले?" ती म्हणाली. "तवा द्यायचा होता."

मी लिहिलंच. रात्री ड्यूटीवर बसून, दोन प्रतींत. एक लेखनिकाकडे दिली, ती जिल्ह्याला गेली. तिचं उत्तर अजून यायचं आहे. दुसरी सकाळी मावशीला दिली. तिनं ती उलटीसुलटी बघितली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि नेहमीसारखी माझ्यामागून क्वार्टरकडे चालू लागली.

दाराशी मी म्हटलं, "मावशी, आज कुलूप नका लावू."

"काहून?"

"आज मला झोप यायची नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत मला तो राग दिसला, जो त्या दिवशी बांधावर दिसला नव्हता. "येते," ती म्हणाली. "तुमाले येते, बाई." आणि गळ्यातली किल्ली काढून तिनं बाहेरून कुलूप लावलं.

मी पलंगावर बसून राहिले. मनातल्या मनात म्हणत होते, आज तरी झोपू नकोस. आज एक दिवस जागी राहा. तिची सहा वर्षं तू घेतलीस, पुढचीही घेतलीस, तू निदान आजचा दिवस दे. गिरणी सुरू झाली. पलंग थरथरू लागला. मी भिंतीला पाठ टेकून डोळे ताणून धरले.

कुलपात किल्ली फिरली तेव्हा दोन वाजले होते. माझ्या गालावर उशीचे वळ होते आणि तोंडाला कोरड पडली होती. मावशी दारात उभी होती.

"झाली झोप?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."